संत मारिया गोरेटी : क्षमेला लागलेली वर्षे

६ जुलैला ख्रिस्तसभा संत मारिया गोरेटीचा स्मरणदिन पाळते. गोरेटी हे नाव आपल्याला परके नाही. १९५० साली मारियाला संतपद मिळाले आणि त्यानंतर आपल्या कितीतरी कॅथोलिक घरांत मुलींचे नाव गोरेटी ठेवले गेले. तिची गोष्टही आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकलेली असते. अकरा वर्षांची मुलगी, तिच्यावर वाईट नजर ठेवणारा तरुण, तिचा नकार, त्याने केलेले वार आणि मरताना तिने त्याला केलेली क्षमा. पाच मिनिटांत सांगून होते.

आम्हाला मात्र नेहमी वाटत आले आहे की आपण जिथे ही गोष्ट संपवतो तिथे ती निम्मीसुद्धा झालेली नसते. मारिया १९०२ साली मरण पावली. तिने ज्याला क्षमा केली तो माणूस त्यानंतर जवळजवळ ६८ वर्षे जगला. तिची आई ५२ वर्षे जगली. त्या एका क्षमेचे पुढे काय झाले, ती कुणापर्यंत आणि किती वर्षांनी पोहोचली, हे यंदा आपण थोडे निवांतपणे पाहू या.

मारियाचा जन्म १६ ऑक्टोबर १८९० रोजी इटलीतील कोरिनाल्दो या गावी झाला. वडील लुईजी आणि आई असुंता हे गरीब शेतकरी होते. असुंता स्वतः आईवडिलांविना वाढलेली, लिहितावाचता न येणारी बाई. घरात मुले वाढत गेली, जमिनीचा तुकडा काही वाढेना. शेवटी १८९६ साली त्यांनी गाव सोडले आणि दुसऱ्यांच्या जमिनी वाट्याने कसू लागले. मालकाची जमीन, आपले कष्ट, आणि पिकातला मोठा हिस्सा मालकाच्या कोठारात. आपल्याकडच्या जुन्या माणसांना हा हिशोब वेगळा समजावून सांगायला नको.

१८९९ साली हे कुटुंब रोमच्या दक्षिणेला, नेत्तुनो शहराजवळच्या ले फेरिएरे या वस्तीत आले. हा सगळा दलदलीचा मुलूख होता. डासांचा सुकाळ आणि हिवतापाचे माहेरघर. हिवतापाचे जंतू डासाच्या पोटात असतात हे रोनाल्ड रॉस यांनी आपल्याच देशात, सिकंदराबादेत, १८९७ साली पाहिले होते. पण शास्त्रज्ञाला कळलेली गोष्ट दलदलीतल्या कुळापर्यंत पोहोचायला फार वर्षे लागतात. १९०० सालच्या मे महिन्यात लुईजी हिवतापाने गेला. पदरात लहान लहान मुले, अंगावर कर्ज आणि शेजारी कुणी नातलग नाही, अशा अवस्थेत असुंता मागे राहिली.

आता शेतात नवऱ्याच्या जागी ती उभी राहू लागली आणि घरात तिच्या जागी मारिया. नऊ वर्षांची ही पोर स्वयंपाक करी, पाणी भरी, कपडे धुई, धाकट्या भावंडांना सांभाळी, त्यांना प्रार्थना शिकवी. शाळेचे तोंड तिने कधी पाहिले नाही. संतांची चित्रे काढणारे तिला हातात लिली घेतलेली, पांढऱ्याशुभ्र पोशाखात दाखवतात. त्याला आमची हरकत नाही. पण खरी मारिया चुलीपाशी बसलेली होती हेही मनात असू द्यावे.

त्याच घरात दुसरे एक कुटुंब राहत होते. जोवान्नी सेरेनेली आणि त्याचा मुलगा आलेस्सांद्रो. दोन्ही कुटुंबे मिळून जमीन कसत आणि चूलही एकच होती. आलेस्सांद्रोचा जन्म १८८२ सालचा. त्याची आई तो लहान असतानाच वेड्यांच्या इस्पितळात वारली. बापाला दारूचे व्यसन. पोरगा लहानपणी बंदरावर आणि जहाजांवर काम करत वाढला, नको ते पाहत आणि ऐकत. त्याला वाचता येत होते आणि तो गुन्ह्यांच्या व भानगडींच्या बातम्यांनी भरलेली कागदपत्रे वाचत बसे. हे आम्ही त्याच्या बाजूने वकिली करण्यासाठी सांगत नाही. अशाच परिस्थितीत वाढलेली हजारो मुले खून करत नाहीत. पण खुनी आकाशातून पडत नाही, तोही कुणाच्या तरी घरात वाढतो.

त्याने मारियाला आधी दोनदा छेडले होते. तिने त्याला झिडकारले. आईला सांगितलेस तर जीव घेईन अशी धमकी त्याने दिली आणि ती गप्प राहिली. आईच्या डोक्यावर आधीच डोंगराएवढे ओझे होते, त्यात आणखी भर नको, असा तिचा विचार असेल. इथे आम्ही जरा थांबणार आहोत. घरातले मूल अचानक गप्प झाले, एखाद्या माणसाच्या जवळ जायला टाळू लागले, एकटे राहायला घाबरू लागले, तर आईवडिलांनी त्याला जवळ घेऊन विचारले पाहिजे आणि ते जे सांगेल त्यावर विश्वास ठेवला पाहिजे. समोरचा माणूस काका असो, शेजारी असो, शिक्षक असो की आमच्यासारखा झगा घातलेला असो. आपल्या देशात २०१२ पासून पोक्सो कायदा आहे आणि असा प्रकार समजल्यावर तो पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. घराण्याच्या किंवा देवळाच्या अब्रूसाठी मुलांना गप्प बसवणे याला श्रद्धा म्हणत नाहीत.

५ जुलै १९०२, शनिवार. दुपारची वेळ होती. खळ्यावर शेंगांची मळणी चालली होती आणि असुंता तिथेच राबत होती. मारिया जिन्याच्या वरच्या कट्ट्यावर बसून शिवण करत होती. शेजारी सर्वांत धाकटी बहीण तेरेसा झोपली होती. मारियाच्या हातात जे फाटके कापड होते तो आलेस्सांद्रोचाच सदरा होता. तो खळ्यावरून निघून वर आला आणि त्याने तिला ओढून आत नेले. हे पाप आहे, देवाला हे चालणार नाही, तू नरकात जाशील, असे ती त्याला विनवीत राहिली. त्याने टोकदार हत्याराने तिच्यावर वार केले. एकूण चौदा.

तिला घोड्याच्या गाडीतून नेत्तुनोच्या इस्पितळात नेले. डॉक्टरांनी भूल न देता तिच्यावर शस्त्रक्रिया केली. जखमांमुळे तिला पाणी देता येत नव्हते आणि ती पाणी मागत होती. क्रुसावरच्या प्रभूच्या तहानेवर प्रायश्चित्तकाळात आपण दरवर्षी मनन करतो, ती तहान या मुलीने तशीच सोसली. दुसऱ्या दिवशी रविवार होता. तिला अंतिम ख्रिस्तशरीर देण्यापूर्वी धर्मगुरूंनी तिला विचारले की तुझ्या मारेकऱ्याला तू क्षमा करतेस का. तिने होकार दिला. त्यापुढे ती जे बोलली ते तिला कुणी विचारले नव्हते. तोही आपल्याबरोबर स्वर्गात असावा, अशी इच्छा तिने सांगितली. त्याच दुपारी तिने प्राण सोडला. हल्ल्यापासून मृत्यूपर्यंत सारे मिळून एक दिवस.

ख्रिस्तसभेने मारियाला रक्तसाक्षी मानले आहे आणि तिच्या शुद्धतेचा गौरव केला आहे. तो योग्यच आहे. परंतु ही गोष्ट सांगताना कधी कधी आपल्या तोंडून एक वेडावाकडा अर्थ निघून जातो. जणू अब्रू वाचवण्यासाठी जी मेली ती पवित्र आणि अत्याचार सोसून जी जिवंत राहिली ती काहीतरी गमावून बसली. असा अर्थ कुणी काढत असेल तर तो साफ चुकीचा आहे. पाप हे मनाच्या संमतीने घडते. बळजबरी झालेल्या मुलीकडे पापाचा लवलेशही नाही, हे संत ऑगस्टिन यांनी रोमच्या पाडावानंतर, सोळाशे वर्षांपूर्वी, त्या काळच्या पीडित स्त्रियांची बाजू घेऊन स्पष्ट केले होते. मारिया वाचली असती, तिच्यावर बळजबरी झाली असती, तरी ती देवाच्या दृष्टीने तितकीच निर्मळ राहिली असती. आपल्या धर्मग्रामात कुणी बहीण असे दुःख मनात दडवून या पानापर्यंत आली असेल, तर तिच्यासाठी हे आम्ही मुद्दाम लिहीत आहोत.

आता आलेस्सांद्रोकडे वळू. त्याला अटक झाली, खटला चालला आणि ३० वर्षांची शिक्षा झाली. वीस वर्षांचा असल्याने, म्हणजे कायद्याने अजून अज्ञान असल्याने, तो जन्मठेपेतून सुटला. मारियाने क्षमा केली म्हणून न्यायालयाने त्याला सोडून दिले नाही आणि तशी मागणीही कुणी केली नाही. क्षमा आणि न्याय यांची आपण फार गल्लत करतो. नवऱ्याचा मार रोज खाणाऱ्या बाईला आपण सांगतो की माफ कर, ख्रिस्ती आहेस ना. भावाने खोट्या सह्या करून जमीन लाटली तर दुसऱ्या भावाला सांगतो की सोडून दे, कोर्टकचेरी शोभत नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्विनास यांच्याकडून आम्ही जे थोडेफार उचलले त्यात हे एक आहे की दया न्यायाचा पाया उखडत नाही, ती न्यायाच्याही पुढे जाते. पुढे जायचे तर आधी न्याय कुठेतरी उभा असावा लागतो. क्षमा केलेल्या माणसाने पोलिसांत तक्रार नोंदवली तर त्याची क्षमा खोटी ठरत नाही.

तुरुंगात आलेस्सांद्रोला पश्चात्ताप झाला नाही. निदान लगेच नाही. सिसिली बेटावरच्या नोतो येथील तुरुंगात तो कोंडलेला होता, कुणाशी नीट बोलत नव्हता, मन दगड झालेले. मारियाच्या शेवटच्या इच्छेचा त्याच्यावर काही परिणाम दिसत नव्हता. अशी सुमारे सहा वर्षे गेली. मग एका रात्री त्याला स्वप्न पडले. बागेत मारिया उभी आहे, ती लिलीची फुले तोडून एकेक त्याच्या हातात देते आहे आणि तो ती घेतो आहे. ती फुले चौदा होती, जितके वार तितकी, असे सांगितले जाते.

या स्वप्नाचे काय करायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. मनाचा अभ्यास करणारे म्हणतील की दाबून ठेवलेला अपराध वर आला. तसेही असेल. कृपेला माणसाच्या मनातून जायला मज्जाव थोडाच आहे? आम्हाला त्या स्वप्नातले देणेघेणे महत्त्वाचे वाटते. त्याने फुले मागितली नव्हती. आलेस्सांद्रोने पश्चात्ताप केला, म्हणून मारियाने क्षमा केली, असा क्रम इथे नाही. क्षमा सहा वर्षांपूर्वीच होऊन गेली होती आणि त्याच्या कोठडीच्या दाराशी वाट पाहत होती. माणूस देवाकडे पहिले पाऊल टाकतो तेव्हा कृपा त्याच्या आधीच निघालेली असते, हे संत ऑगस्टिन यांच्या शिकवणुकीतले एक मोठे सूत्र. ते आम्हाला ग्रंथांतून जितके समजले त्याहून अधिक या कैद्याच्या गोष्टीतून समजले.

त्यानंतर तो बदलू लागला. नोतोचे महागुरुस्वामी जोवान्नी ब्लांदिनी त्याला तुरुंगात भेटले होते. त्याने त्यांना पत्र लिहून आपला अपराध मान्य केला, झाल्याबद्दल दुःख व्यक्त केले आणि त्यांच्या प्रार्थना मागितल्या. शिक्षा मात्र चालूच राहिली. पश्चात्ताप झालेला माणूस त्यानंतर आणखी वीस वर्षे गजाआड राहिला. चांगल्या वागणुकीमुळे तीन वर्षांची सूट मिळून १९२९ साली तो सुटला, तेव्हा त्याचे वय ४७ होते. सुटल्यावर त्याने मिळेल तिथे मजुरी केली.

असुंता या काळात कुठे होती? मुलीच्या मृत्यूनंतर ती कोरिनाल्दोला परत गेली होती आणि पुढे तिथल्या धर्मगुरूंच्या घरी कामाला होती. १९३०च्या दशकात, एका नाताळच्या सुमारास, त्या घराच्या दाराशी एक उतारवयाकडे झुकलेला माणूस येऊन उभा राहिला. त्याने तिला विचारले की आपल्याला ओळखलेत का. तिने ओळखले. तो तिच्यापुढे गुडघ्यांवर आला आणि त्याने क्षमा मागितली.

आईने काय करावे? मारियाची क्षमा आपण आदराने ऐकतो, पण ती जखमी मुलगी काही तासांत प्रभूकडे जाणार होती. असुंताला मात्र त्या दिवसाबरोबर तीस वर्षांहून अधिक काळ जगावे लागले होते. खळ्यावरून धावत येऊन तिने आपल्या लेकीला रक्तात पाहिले होते. त्या दिवसापासून किती सकाळी ती मारियाविना उठली असेल! आमच्याकडे दुःख घेऊन येणारी माणसे पुष्कळदा म्हणतात की माफ केले हो फादर, पण त्याचे तोंड बघणार नाही. आम्ही त्यांना दोष देत नाही. न बघितलेल्या तोंडाला माफ करणे हीसुद्धा एक सुरुवात आहे. असुंतापुढे मात्र ते तोंड प्रत्यक्ष आले होते. तिने त्याला सांगितले की मारियाने तुला क्षमा केली आहे, देवानेही केली आहे, तर मी कशी नाकारू. नंतर ती दोघे मिळून नाताळच्या मिस्साला गेली आणि त्यांनी शेजारी शेजारी ख्रिस्तशरीर स्वीकारले.

मिस्सामध्ये ख्रिस्तशरीर घेण्याआधी आपण एकमेकांना शांती देतो. आपल्या देवळात शांती देताना कोण कुणाकडे बघतो आणि कोण नेमके त्याच वेळी खाली वाकून गुडघ्याची पाटी सरळ करतो, हे वेदीवरून दिसते बरे का. एकाच बाकावर बसायचे नाही म्हणून सकाळची मिस्सा बदलणारी भावंडेही असतात. म्हणून कोरिनाल्दोच्या देवळातले ते दृश्य आम्हाला दीपवून टाकते. मुलीची आई आणि मुलीचा खुनी, एका रांगेत.

मारियाच्या संतपदासाठी जी चौकशी झाली तीत आलेस्सांद्रोने साक्ष दिली. आपल्या अपराधाची सगळी हकिकत त्याने सांगितली आणि तिची काहीही चूक नव्हती हे ठामपणे नोंदवले. पीडितेवरच दोष ढकलणारे आरोपी आपण रोज वर्तमानपत्रात वाचतो. याने तसे केले नाही. मारियाच्या शेवटच्या झुंजीचा साक्षीदार तोच होता आणि त्याच्या तोंडून ते सत्य बाहेर आले.

२७ एप्रिल १९४७ रोजी मारियाला धन्य आणि २४ जून १९५० रोजी पोप बारावे पायस यांनी संत घोषित केले. संतपदाचा विधी एरवी संत पेत्रच्या महामंदिरात होत असे. या वेळी लोकांची एवढी दाटी झाली की तो बाहेर चौकात करावा लागला. ऐंशी ओलांडलेली असुंता त्या दिवशी तिथे हजर होती. आपल्या लेकराला संत झालेले पाहणाऱ्या आया ख्रिस्तसभेच्या इतिहासात जवळजवळ नाहीतच. चार वर्षांनी, १९५४ साली, ती वारली.

आलेस्सांद्रोने उरलेली वर्षे कपुचिन बंधूंच्या मठांत काढली. तो व्रतस्थ झाला नाही. मठाचा माळी म्हणून, पडेल ते काम करणारा म्हणून तो राहिला. शेवटी तो माचेराता येथील मठात होता. १९६१ साली त्याने एक निवेदन लिहून ठेवले. तरुणपणी वाईट वाचन आणि वाईट संगत यांच्यामागे आपण डोळे झाकून गेलो, हे त्याने त्यात कबूल केले आणि वाचणाऱ्यांना त्यापासून सावध राहायला सांगितले. मारियाला तो आपली पाठीराखी मानत होता. ६ मे १९७० रोजी तो मरण पावला, वयाच्या ८७व्या वर्षी. तोवर त्याच्या मठातल्या बागेत किती फुलझाडे त्याच्या हाताने लागली असतील, कोण जाणे.

मारियाचे अवशेष नेत्तुनो येथे समुद्रकाठच्या महामंदिरात आहेत. ते मंदिर कृपामातेचे आहे आणि मारियाचेही. तिच्या जन्मगावी, कोरिनाल्दोला, तिच्या नावाचे जे तीर्थमंदिर आहे, तिथे तिच्या हाताचा अवशेष जपलेला आहे. त्याच देवळात असुंताची कबर आहे. आलेस्सांद्रोचे अवशेषही पुढे तिथेच आणून ठेवण्यात आले. आज तिथे जाणारा यात्रेकरू मारियापुढे मेणबत्ती लावतो, आणि त्याच छपराखाली मुलीची आई आणि तिला मारणारा, दोघेही विसावलेली त्याला दिसतात.